विकतचे डाग

आमच्या घरात डाग नागपूरहून मेटॅडोरमध्ये आले. ते उतरवायला चार माणसं लागली. माझा भाऊ फाटकात उभा राहून त्यांच्यावर ओरडत होता, "अरे हळू बे, धक्का नोको लागू देऊ!" एवढी काळजी त्याने माझं सामान आलं तेव्हा घेतली नव्हती. माझ्या कपाटाची एक काच त्या वेळी जी गेली ती अजून बसवलेली नाही.

आलेली वस्तू म्हणजे आरसा. भिंतभर मोठा, नवाकोरा, आणि मुद्दाम जुनाट केलेला. ठिकठिकाणी काळपट ठिपके, कडेला पिवळसर ढग, मध्येच पारा उडाल्यासारखे ओरखडे. याला 'अँटिक मिरर' म्हणतात आणि तो मोठ्या लोकांच्या हॉलमध्ये असतो, ही माहिती मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी झाली. इतकी वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, पण जुनं विकत मिळतं हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

हा आरसा माझ्या भावाने घ्यावा, यात खरी गंमत होती. भाऊ सेलूला भाजीचा अडत्या आहे. शेतकऱ्यांनी आणलेला माल लिलावात विकून द्यायचा, हा त्याचा धंदा. कॅरेटच्या तोंडाशी तकतकीत टमाटर लावायचे आणि पोटात डागी भरायचे, ही युक्ती सगळ्या जिल्ह्याला येते, आणि भावाला ती सगळ्यात जास्त येते, कारण तो ती रोज पकडतो. संशय आला की कॅरेट सरळ ताडपत्रीवर उलटं करतो. खालून ठिपकेवाला माल निघाला की मोठ्याने ओरडतो, "डागी!" त्या एका शब्दाने भाव निम्म्यावर येतो. शेतकरी हातापाया पडतो, चव तीच आहे म्हणतो. भाऊ ऐकत नाही. "चव कोन पाह्यते? गिऱ्हाईक डाग पाह्यते," असं त्याचं ठरलेलं उत्तर आहे. अशा माणसाने स्वच्छ आरशापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून डागी आरसा घरी आणला.

हे घर वर्ध्याला, सावंगीच्या रस्त्यावरच्या एका नव्या ले-आउटमध्ये आहे. माझी पुतणी सावंगीला फिजिओथेरपिस्ट आहे, तिला जवळ पडावं म्हणून इथे प्लॉट घेतला. वरच्या मजल्यावरची एक खोली मला दिली. माझं लग्न झालेलं नाही. मला पाहायला आलेल्या मंडळींनी पोहे संपवले, "कळवतो" म्हणाले आणि गेले. त्यातल्या एखाद्याचं कळवणं अजून वाटेत असेल.

घराच्या सजावटीसाठी नागपूरहून एक मुलगी यायची. वय पंचविशीचं, आणि आत्मविश्वास साठीचा. आली की भिंतींकडे असं पाही, की भिंतींनाच ओशाळं वाटावं. हॉलच्या मोठ्या भिंतीपुढे उभी राहून ती म्हणाली, "काकाजी, ये वॉल एकदम फ्लॅट लग रही है."

"भित सपाटच राह्यते न बाप्पा," भाऊ म्हणाला.

मग तिने फोटो दाखवले. अँटिक मिरर कसा करतात तेही सांगितलं. चांगला आरसा घ्यायचा, पाठीचा रंग खरवडायचा, आतल्या चांदीच्या थरावर तेजाब शिंपडायचं, चांदी जिथे जिथे खाल्ली जाईल तिथे मागून काळा रंग भरायचा.

"म्हणजे धडधाकट आरसा आणायचा आणि पैसे देऊन नासवून घ्यायचा?" मी विचारलं.

"आंटी, नासवणं नाही, एजिंग म्हणतात."

"माझं तर फुकटातच झालं," मी म्हणाले. ती हसली नाही. तिच्या टॅबमध्ये मला बसवता येईल असा कोपरा तिला सापडत नव्हता बहुतेक.

जुन्या घरातून आम्ही एक आरसा आणला होता. भावाच्या लग्नात आलेला, खालच्या बाजूला लाल ऑइलपेंटने 'सप्रेम भेट' लिहिलेला. इतक्या वर्षांत त्याच्या कडा काळ्या पडल्या होत्या, मध्ये ठिपके आले होते. तोच लावा म्हटलं तर ती मुलगी म्हणाली, "वो तो खराब हो गया है." त्याचे डाग अस्सल होते, म्हणून तो भंगारात गेला. भंगारवाल्याने तोही डागी म्हणूनच उचलला.

तर नवा आरसा भिंतीवर चढला. त्यात पाहिलं की चष्म्यावर फोडणी उडाल्यासारखं दिसतं. पहिल्या संध्याकाळी भाऊ बाजारातून आला, हॉलमध्ये कोणी नाही असं पाहून आरशाजवळ गेला, त्यावर हाऽऽ केलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने एक ठिपका घासायला लागला. मी जिन्यात होते. बराच वेळ घासून झाल्यावर स्वतःशीच म्हणाला, "निघूनच नाई राह्यला."

तेवढ्यात भावजय आतून धावत आली. "काय करून राह्यले तुमी? थे डिझाइन हाय!"

"मले माहीत हाय. पन एवढा एक जास्तीचा वाटून राह्यला."

भावजयीला तो आरसा फार आवडला होता. माझी भावजय वाईट बाई नाही. मनाने चांगली, हाताला चव, आजारपणात माझं डोकं चेपणारी. पण लोक काय म्हणतील या एका प्रश्नावर तिने पंचवीस वर्षं संसार केला आहे. आरसा आल्यावर शेजारीपाजारी यायला लागले. बहुतेकजण आधी म्हणायचे, "काऊन व, नव्या भितीले ओल आली काय?" मग भावजय डिझायनरकडून पाठ केलेलं भाषण आमच्या बोलीत सुरू करी. "ओल नोहोय बाई. हे अँटिक हाय. एक एक डाग हातानं काढलेला हाय. दोन डाग सारखे नाई भेटनार तुमाले. डाग हायत म्हनूनच तं त्याले शोभा हाय." शेवटी किंमत सांगायची. किंमत ऐकली की सगळ्यांना शोभा दिसायला लागायची.

हे भाषण मी जिन्यातून इतक्यांदा ऐकलं की मला ते पाठ झालं. पुतणीलाही पाठ झालं असणार. ती तेव्हा खोलीत बसून डाव्या गालाला क्रीम लावत असायची.

आता ते सांगायला हवं. माझ्या पुतणीला कोड आहे. आठवीत असताना डाव्या जबड्यावर एक पांढरा ठिपका आला, मग तो वाढत कानापासून हनुवटीपर्यंत गेला. उजव्या हाताच्या बोटांवरही आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे कोणाला लागत नाही, दुखत नाही, जिवाला अपाय नाही. पण डॉक्टरांचं ऐकायला भावजय दवाखान्यात गेलीच कुठे होती? ती गेली होती डाग घालवायला. मग बावचीचं तेल आलं, दही बंद झालं, चिंच बंद झाली, आर्वीकडचा एक वैद्य झाला, अमरावतीकडचा एक महाराज झाला. पोरीने उन्हात तेल लावून बसायचं आणि गालाला फोड आणून घ्यायचे, असंही झालं. डाग जसा होता तसाच राहिला. पोर मात्र त्या सगळ्यात शहाणी झाली. शिकली, नोकरीला लागली, लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवायला लागली.

आता तिचं लग्न जमायचं होतं आणि घरातल्या सगळ्यांचा जीव तिथे अडकला होता. बायोडाटात उजव्या बाजूने काढलेला फोटो होता. नागपूरहून एक क्रीम आणलं होतं, थेट तिच्या कातडीच्या रंगाचं. ते लावलं की गाल एकसारखा दिसायचा. पोरीला ते आवडत नव्हतं. कामावर घामाने ते वितळायचं, पेशंटच्या चादरीला लागायचं. पण आई म्हणेल तसं चाललं होतं.

रोहण्याचं एक स्थळ आलं. मुलगा नागपूरला बँकेत, वडील फुलकोबी आणि वांगी लावणारे चांगले बागायतदार. ते पाहायला यायच्या आदल्या दिवशी भावजयीने हॉलमध्ये एक खुर्ची उचलली आणि आरशाला चिकटून ठेवली. मग पुतणीला तिथे बसवलं आणि स्वतः समोर सोफ्यावर जाऊन बसली.

"पाह्य," ती म्हणाली, "तुहा उजवा गाल पाव्हन्याकडे. डावा आरशाकडे. क्रीम जरासं निघालंच तरी आरशात कोनाले समजते? तिथं तं समद्याईच्याच तोंडावर डाग दिसते."

मी कपाळावर हात मारला. डिझायनरलाही सुचला नसता असा तो आरशाचा उपयोग होता.

रात्री जेवताना पुतणी म्हणाली, "आई, मी उद्या पहिलेच सांगून देते."

"वेडी झाली काय? साक्षगंध होऊ दे, सोयरीक पक्की होऊ दे. मंग सांगू आरामात."

"मंग काऊन सांगायचं? मंग तं ते फसवणं झालं."

मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुमी बजारात कॅरेट उलटवून काऊन पाह्यता?"

भावाचा हात ताटातच थांबला. मग म्हणाला, "टाकी भरली काय पाहून येतो," आणि उठून गेला. टाकीला आपोआप बंद होणारी मोटर आहे. ती त्यानेच हौसेने बसवली आहे.

मी पुतणीची बाजू घेतली. म्हटलं, पोर बरोबर बोलते, लपवलेलं कधी ना कधी उघडं पडतंच. त्यावर भावजय एकदम म्हणाली, "बाई, तुमाले काय समजते यातलं? तुमचं तं जमलंच नाई."

लागलं मला. खोटं कशाला सांगू, खूप लागलं. तिनेही लगेच जीभ चावली आणि माझ्या ताटात न विचारता भाकरी वाढली. मी वर आले, पण झोप लागेना. रागाच्या भरात मला एक गोष्ट कळली आणि ती कळल्यामुळे राग धड टिकेना. लग्न न झालेली बाई कशी दिसते हे ती रोज पाहत होती. जिन्यावरून येता-जाता मीच दिसायचे तिला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. वडील, आई आणि मुलगा. वडील उंच, हाताला माती कायमची बसलेली. ते सोफ्यावर बसले, पाणी प्यायले, आणि त्यांची नजर आरशावर गेली. आम्ही सगळे पाहतोय तोवर ते उठून आरशाजवळ गेले, एका ठिपक्यावर नख घासलं, भिंतीला नाक लावून वास घेतला.

"ओल हाय जी," ते गंभीरपणे म्हणाले. "बिल्डरनं फसवलं तुमाले. माह्या भावाच्या घरी असंच झालतं. पुलगावचा एक मानूस हाय, थो गच्चीवर काय तरी मारते अन् ओल बंद होते. थांबा, नंबर देतो." आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

भाऊ लाजेने लाल झाला. भावजयीने मात्र सूत्रं हातात घेतली. एवढ्या महत्त्वाच्या पाहुण्यांपुढे तिचं भाषण अजून झालं नव्हतं. ती खुर्चीच्या टोकावर सरकली आणि म्हणाली, "ओल नोहोय भाऊ. अँटिक हाय हे. एक एक डाग हातानं काढलेला हाय."

"म्हंजे डाग मुद्दाम?" मुलाची आई म्हणाली.

"मुद्दाम जी. आजकाल मोठ्या लोकाईकडे असाच राह्यते. साफ आरसा तं कोनाच्याही घरी भेटते. याच्यात दोन डाग सारखे नाई. डाग हायत म्हनूनच तं त्याले शोभा हाय." मग किंमत. मुलाच्या आईने गालावर बोट ठेवलं. मुलगाही उठला, आरशापुढे उभा राहिला, ठिपक्यांमधून वाट काढत भांग नीट केला आणि म्हणाला, "क्लासी आहे."

पुतणी पोह्यांचा ट्रे घेऊन केव्हाच दारात आलेली होती. तिने सगळं ऐकलं. ट्रे टेबलावर ठेवला, प्रत्येकाच्या हातात प्लेट दिली, आणि ठरवून दिलेल्या खुर्चीवर बसली. मग तिने पाण्याचा ग्लास जवळ घेतला, ओढणीचं टोक त्यात बुडवलं आणि डावा गाल पुसला. घाई न करता, कानापासून हनुवटीपर्यंत. मग बोटं पुसली. ओढणी पिवळसर झाली. मग ती खुर्चीसकट वळली आणि डावा गाल पाहुण्यांकडे करून बसली.

"काकू, मलेही डाग हाय," ती म्हणाली. "कोड हाय. आठवीपासून. कोनाले लागत नाई. आई नंतर सांगनार होती, मी आताच सांगून देते."

भावजयीचं तोंड उघडं होतं, पण शोभेबद्दलचं एकही वाक्य तिला आठवेना. भाऊ जमिनीकडे पाहत होता. मला एकाच वेळी रडू आलं आणि टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दोन्ही करता येत नव्हतं म्हणून मी पोह्यांवर लिंबू पिळत बसले.

मुलाच्या वडिलांनी मात्र मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं केलं पोरी, सांगतलं," ते म्हणाले आणि पोहे खायला लागले. त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मान पुन्हा प्लेटमध्ये घातली. मुलगा मोबाइल पाहू लागला. थोड्या वेळात ती मंडळी उठली. जाताना मुलाची आई म्हणाली, "कळवतो." त्या शब्दाचा सूर इतक्या वर्षांत जराही बदललेला नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. भावजय लेकीशी बोलेना. फोन मात्र क्षणभर खाली ठेवेना. देवपूजेला बसतानाही तो शेजारी असायचा. वाजला की आधी छातीवर हात, मग फोनवर. भाऊ बाजारातून आला की हॉलमध्ये न बसता मागच्या अंगणात बसायचा. पुतणी दुसऱ्या दिवसापासूनच क्रीम न लावता कामावर जायला लागली. पहिल्या सकाळी ती तशीच बाहेर पडली तेव्हा भावजय दारापर्यंत डबी घेऊन गेली, उभी राहिली, आणि डबी घेऊनच परत आली. संध्याकाळी मी पुतणीला विचारलं, कोणी काही म्हणालं का? ती म्हणाली, "एका आजीनं विचारलं, भाजलं का बाई? मी म्हटलं नाही, कोड आहे. ती म्हणाली बरं, आता खांदा दाब."

मला वाटतं, त्या दिवसांत माझ्या कानावर आलेलं तेवढंच एक साधं वाक्य होतं, आणि तेही बाहेरच्या म्हातारीचं.

मग एका सकाळी फोन आला. भावजय भरल्या वांग्यांची तयारी करत होती. एकेक वांगं उलटसुलट पाहायचं, डागी निघालं की बाजूला टाकायचं, चांगल्याला चिरा द्यायच्या आणि मसाला भरायचा, असं चाललं होतं. दोन्ही हात मसाल्याने भरलेले, म्हणून तिने कोपराने फोन माझ्याकडे सरकवला आणि मी स्पीकर लावला. मुलाची आई होती. भाऊ अंगणातून मागच्या दारात येऊन उभा राहिला. पुतणी कामावर निघाली होती, उंबऱ्यावर बसून सँडलचा पट्टा लावत होती.

प्रकृतीची विचारपूस झाली. रोहण्याकडच्या वांग्यांच्या भावाची चौकशी झाली. मग ती बाई म्हणाली, "ताई, एक इचारायचं होतं. आमच्याकडेही घराचं काम काढून राह्यलो. थो तुमचा आरसा कुठून आनला जी? पोराच्या निरा मनात भरला. दुकानाचा पत्ता पाठवून देजा."

भावजय हळूच म्हणाली, "अन् पोरीचं?"

"पोरीचं काय जी, पोरगी चांगलीच हाय. पन घरी म्हातारे मानसं हायत आमच्या. लोकं इचारतीन. डाग हाय न जी. तुमी समजदार हा."

मी फोनकडे पाहत होते. वाटलं आता भावजय रडेल, नाहीतर गयावया करेल, म्हणेल की औषध चालू आहे, वैद्य पाहतोय. तिला हे सगळं येत होतं, इतकी वर्षं ती तेच करत आली होती. तिने वर पाहिलं. पुतणी उंबऱ्यावर तशीच बसली होती, पट्टा हातात, डावी बाजू आमच्याकडे. सकाळचं ऊन थेट गालावर होतं. मी पाहिलं की भावजय त्या गालाकडे पाहते आहे आणि नजर काढत नाही.

"हॅलो? ताई?" फोन म्हणाला.

"हाय जी, ऐकून राह्यली," भावजय म्हणाली. आवाज अगदी शांत होता, पण बाजारात भाऊ बोलतो तसा ठाम. "पन थो आरसा नाई चालनार तुमाले. डागी माल हाय थो."

आणि मसाल्याच्या बोटानेच तिने फोन बंद केला.